सातबारा, शेळ्या आणि शपथपत्र

पोटगीच्या दाव्यात लग्न झालंय का, मूल कोणाचं, बाई वेगळी का राहते, या प्रश्नांवर वाद होतातच. पण दावा खरा अडून बसतो तो एका साध्या प्रश्नावर: नवरा कमावतो किती? पगारदार माणसाच्या बाबतीत हा प्रश्न तासाभरात सुटू शकतो. जिल्हा परिषदेचा शिक्षक, आश्रमशाळेतला कर्मचारी, वनरक्षक यांची पगारचिठ्ठी कार्यालयात असते आणि पगार बँकेत जमा होतो. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ तालुक्यात अशी घरं मोजकी. बाकीच्यांची कमाई कुठल्याही एका कागदावर सापडत नाही.

पेठचं वर्ष असं चालतं. पावसाळ्यात भात, नागली, वरई, थोडी खुरासणी. पीक निघालं की माणसं घाट ओलांडून दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांकडे जातात. छाटणी, डिपिंग, विरळणी ही कामं टोळ्या एकरावर उक्ती घेतात. आधी उचल मिळते, हंगामाच्या शेवटी हिशेब होतो. तो मुकादमाच्या वहीत असतो, आणि वही मुकादमाच्या घरी. परत आल्यावर कुणी शेळ्या पाळतो, कुणी गवंड्याच्या हाताखाली जातो. या माणसाने कोर्टात "हाताला काम नाही, साहेब" म्हटलं तर ते खोटं ठरवणार कसं? आणि खरं असलं तर ओळखणार कसं?

हा प्रश्न पेठपुरता नाही. १९७८ साली इंदूरच्या शाहबानोंनी पोटगीचा अर्ज केला. त्यांचा खटला आपण धर्म आणि राजकारणाच्या वादामुळे लक्षात ठेवतो. त्यातले आकडे मात्र विसरले गेले. नवरा वकील होता आणि वर्षाला सुमारे ६० हजार रुपये कमावत होता, असं शाहबानोंचं म्हणणं. ऑगस्ट १९७९ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांनी पोटगी ठरवली महिना २५ रुपये. पुढे मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. त्या काळी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली कितीही श्रीमंत नवऱ्याकडून महिन्याला ५०० रुपयांच्या वर मागताच येत नव्हतं. महाराष्ट्राने ही मर्यादा १९९९ मध्ये १५०० केली आणि २००१ मध्ये केंद्राने ती पूर्णच काढून टाकली.

मर्यादा गेली आणि मिळकतीच्या पुराव्याला खरं वजन आलं. पाचशेचं छत होतं तोवर नवरा पाच हजार कमावतो की पंधरा, याचा काथ्याकूट करून फार काही हाती लागत नव्हतं. आता प्रत्येक हजाराने रक्कम बदलू लागली. लपवण्यात फायदा होता, म्हणून लपवणं वाढलं. मागणाऱ्या बाजूनेही गरजा फुगवून सांगायला सुरुवात झाली. दोन्ही बाजूंची ही सवय सर्वोच्च न्यायालयाने पुढे स्पष्ट शब्दांत नोंदवली आहे.

ज्या खटल्यात ती नोंदवली, तो महाराष्ट्रातलाच. नागपूरच्या कौटुंबिक न्यायालयात सप्टेंबर २०१३ मध्ये एका आईने स्वतःसाठी आणि लहान मुलासाठी अंतरिम पोटगीचा अर्ज केला. ऑगस्ट २०१५ मध्ये आदेश झाला: पत्नीला महिना १५ हजार, मुलाला आधी ५ हजार आणि सप्टेंबर २०१५ पासून १० हजार. नवरा मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, २०१८ मध्ये तिथे हरला, मग सर्वोच्च न्यायालयात गेला. २००६ सालच्या आयकर विवरणपत्रांवरून २०१३ ची पोटगी ठरवली, ही त्याची तक्रार. तक्रार अगदीच बिनबुडाची नव्हती. कोर्टापुढे ताजी आणि पूर्ण माहिती ठेवायला दोघांनाही कुणी वेळेत भाग पाडलेलं नव्हतं, हे त्यातून उघड झालं. 'अंतरिम' म्हणून मागितलेल्या रकमेचा वाद सात वर्षं चालला. पाळण्यातलं मूल शाळेत गेलं.

४ नोव्हेंबर २०२० रोजी न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. आर. सुभाष रेड्डी यांच्या पीठाने 'रजनेश विरुद्ध नेहा' या नावाने ओळखला जाणारा निकाल दिला. पोटगीच्या प्रत्येक दाव्यात, प्रलंबित दाव्यांतसुद्धा, दोन्ही पक्षांनी मालमत्ता आणि देण्यांचं शपथपत्र द्यायचं, असा तो आदेश. अर्जदाराने अर्जासोबत द्यायचं, समोरच्याने उत्तरासोबत जास्तीत जास्त चार आठवड्यांत. त्यासाठी दोनपेक्षा जास्त तारखा मिळणार नाहीत. शपथपत्रं आल्यावर अंतरिम अर्ज चार ते सहा महिन्यांत निकाली काढायचा. आणि पोटगी लागू होणार ती अर्ज केल्याच्या तारखेपासून. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तारखा पडत राहण्यात देणाऱ्याचा जो फायदा होता, तो यामुळे संपतो.

ही कल्पना दिल्लीहून आली होती. दिल्ली उच्च न्यायालयात न्या. जे. आर. मिढा यांनी आधीची काही वर्षं अशा शपथपत्राचा नमुना घडवला होता आणि पुन्हा पुन्हा दुरुस्त केला होता. तो शहरी संसाराला धरून होता: पगार, भाडं, म्युच्युअल फंड, क्रेडिट कार्ड, क्लबची वर्गणी. सर्वोच्च न्यायालयाने देशासाठी नमुना करताना एक शहाणपणाची गोष्ट केली. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळं परिशिष्ट जोडलं. मेघालयात मातृवंशीय समाज आहेत, तर त्या राज्यासाठी आणखी वेगळं.

शेतीचं हे परिशिष्ट पेठमध्ये बसून वाचावं. एकूण जमीन किती, वाटा किती, फेरफार कोणाच्या नावे, जमीन बागायत की जिरायत, वर्षभरात कोणती पिकं, मागच्या तीन वर्षांचं उत्पन्न, बटाईने केलेली जमीन, गायी, म्हशी, शेळ्या, कोंबड्या, मासे, मधमाश्या, त्यांची संख्या, त्यांतून मिळणारा पैसा, जमिनीवरचं कर्ज. यादी चांगली आहे. पण पेठच्या घरात तिच्या बहुतेक ओळींना उत्तर येतं "माझ्या नावे काही नाही", आणि ते उत्तर कागदावर खरंही असतं. सातबारा सासऱ्याच्या नावे. सासरा जिवंत आहे, वाटणी झालेली नाही. शेत कसतो मुलगा, नांगर त्याचा, खत त्याने आणलेलं, आणि आठ-अ मध्ये त्याचं नाव शोधून सापडत नाही.

इथे दोन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली वनपट्टा. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार मिळालेला वैयक्तिक पट्टा विवाहित माणसाच्या बाबतीत नवरा-बायको दोघांच्या नावे संयुक्तपणे नोंदवायचा असतो. तो वारसाने पुढे जातो, पण विकता येत नाही. जमीन वडिलांची आहे असं सांगणाऱ्या नवऱ्याच्या घरात तिच्याही नावाचा पट्टा पेटीत असू शकतो. वेगळं राहायला लागली म्हणून तिचं नाव त्यावरून जात नाही. ही तिची मालमत्ता आहे आणि तिच्याही शपथपत्रात ती यायला हवी. दुसरी गोष्ट म्हणजे पिकाची नोंद. ई-पीक पाहणी आल्यापासून कोणत्या गटात कोणतं पीक आहे हे मोबाइलवरून फोटोसह नोंदवता येतं. नोंद सासऱ्याच्या खात्यावर असली तरी शेत पडीक नाही, एवढं त्यातून कळतं.

तीन वर्षांचं उत्पन्न विचारणारी ओळ मात्र अशा घराला नीट लागू पडत नाही. विकलेल्या मालाचंच उत्पन्न धरायची आपल्याला सवय. पेठमध्ये भात-नागली विकण्याआधी कणगीत जाते आणि वर्षभर खाल्ली जाते. घरातली माणसं मग प्रामाणिकपणे 'शेतीचं उत्पन्न शून्य' असं लिहितात. घर सोडून माहेरी आलेल्या बाईचा आणि मुलांचा त्या कणगीतला वाटा मात्र सुटलेला असतो. तिला तेच धान्य आता दुकानातून आणावं लागतं. म्हणून किती पोती भात झालं, किती नागली, हे लिहून बाजारभावाने त्याची किंमत मांडली पाहिजे. वकिलाने विचारलं तर ती लगेच सांगू शकते, कारण लावणी, निंदणी, कापणी, मळणी यांत तिचे हात होते.

हीच बाब मला या प्रकरणात ठासून सांगायची आहे. मुख्य नमुन्यात एक भाग असा आहे, जिथे शपथ घेणाऱ्याने समोरच्या जोडीदाराची मिळकत, मालमत्ता आणि कर्ज यांबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे ते लिहायचं असतं. बहुतेक अर्जांत तिथे 'माहिती नाही' लिहून मोकळे होतात. शहरातल्या बाईला नवऱ्याच्या शेअर्सची खबर नसेल. पेठच्या बाईला नवऱ्याच्या कमाईचा तपशील त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक असतो. टोळीत ती त्याच्याबरोबर होती. एकराचा दर काय ठरला, टोळीत किती जण, किती दिवस काम चाललं, उचल किती घेतली, मुकादम कोण, बागाईतदार कोण, शेळी केवढ्याला गेली, हे सगळं तिला तोंडपाठ असतं. ते कोर्टाच्या भाषेत कुणी उतरवून घेत नाही, म्हणून ते वाया जातं. ज्याला ठराविक गोष्ट खास ठाऊक आहे त्यानेच ती सिद्ध करायची, असं पुराव्याच्या कायद्यात पूर्वी कलम १०६ होतं, आता भारतीय साक्ष्य अधिनियमात १०९ आहे. बायकोने असा ठोस तपशील शपथेवर मांडला, की तो चूक कसा हे दाखवण्याचा बोजा नवऱ्याकडे सरकतो. 'माहिती नाही' लिहिलं तर सरकायला काही उरतच नाही.

निकालात एक सूट आहे आणि तिच्याबद्दल माझ्या मनात काळजी आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, दारिद्र्यरेषेखालचे आणि रोजंदारीचे मजूर यांना शपथपत्राच्या सक्तीतून वगळलं आहे. हेतू दयेचा आहे. ज्याच्याकडे लिहिण्यासारखं काही नाही त्याला पानामागून पानं भरायला लावू नये, वकील-नोटरीच्या फीत त्याला घालू नये. पण पेठमध्ये या वर्णनात बसणार नाही असं घर शोधावं लागेल. सूट सरसकट वापरली तर जिथे कमाईचा कागद आधीच नाही, तिथेच तो मागण्याचा मार्गही बंद होतो. सक्ती नाही म्हणजे मनाई नाही, हे अर्जदाराच्या वकिलाने लक्षात ठेवावं. तिने स्वतःहून साधं, दोन पानी शपथपत्र द्यावं आणि नवऱ्याला ठराविक प्रश्न विचारण्याची परवानगी कोर्टाकडे मागावी.

रोजगार हमीची नोंदही इथे कामाची असते. जॉबकार्डवर कुटुंबातल्या कोणी किती दिवस काम केलं आणि किती मजुरी मिळाली, हे हजेरीपटावरून संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात हा दर दिवसाला ३१२ रुपये होता. कमाईचा काहीच पुरावा नसेल तेव्हा न्यायालयं किमान मजुरीवरून अंदाज बांधतात. धडधाकट माणसाने अंगमेहनत करून का होईना बायको-मुलांना पोसलंच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अंजू गर्ग खटल्यात पुन्हा बजावलं. महिन्याला २६ दिवस धरले तर ३१२ च्या दराने ८११२ रुपये होतात. द्राक्षहंगामातली उक्ती कमाई याहून बरीच जास्त असू शकते, म्हणून या आकड्याला तळ मानावं, छत नव्हे.

कोणत्या कायद्याखाली मागायचं, हेही पेठमध्ये वेगळं ठरतं. तालुक्यात कोकणा, महादेव कोळी, वारली अशा अनुसूचित जमातींची वस्ती मोठी आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २(२) प्रमाणे केंद्राने तशी अधिसूचना काढल्याशिवाय तो कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. नाशिक शहरातल्या जोडप्यांच्या दाव्यात कलम २४ आणि २५ हमखास येतात. तीच कलमं कोकणा बाईच्या अर्जात छापून टाकली तर पहिल्याच तारखेला हरकत येऊ शकते. तिच्यासाठी बळकट मार्ग दोन. एक, पूर्वीचं कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ आहे. धर्म, जात, जमात काही असो, ते लागू होतं, आणि ती जिथे राहते तिथल्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. दुसरा, २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, ज्यात लग्नासारख्या नात्यातल्या बाईलाही आधार आहे. आदिवासी पट्ट्यात खर्चाअभावी लग्नविधी लांबवून संसार थाटलेली जोडपी असतात. मुलं मोठी झाल्यावर सामुदायिक सोहळ्यात हळद लागते. अशा घरातल्या मुलाचा पोटगीचा हक्क विधी झाला की नाही यावर मुळीच अवलंबून नाही. कलम १४४ मध्ये औरस-अनौरस असा भेद नाही.

गावातल्या वाटाघाटीत उलट घडतं. पंच बसतात, स्टँपवर फारकत लिहिली जाते, आणि शेवटी एक ओळ येते: 'यापुढे स्वतःसाठी व मुलांसाठी काही मागणार नाही.' पंचांचा हेतू बहुतेक वेळा भांडण मिटवण्याचाच असतो आणि गावात त्यांच्या शब्दाला मान आहे, तो असावाही. पण त्या बैठकीत कोणाची मिळकत किती हे कुणी विचारलेलं नसतं. रूढीने झालेला घटस्फोट कोर्टात टिकवायचा तर ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. आणि मुलाचा हक्क मुलाचा असतो. आईने अंगठा लावला म्हणून तो संपत नाही. स्टँपवर सही करायची वेळ आलीच, तर संमतीने वेगळं राहत असल्याचं त्यात लिहिलंय का, हे आधी वाचून घ्यावं. परस्पर संमतीने वेगळी राहणारी पत्नी कलम १४४ खाली पोटगी मागू शकत नाही. त्या एका ओळीवर पुढचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो.

उघड करण्याचं बंधन तिच्यावरही आहे आणि ते तिने काटेकोर पाळावं. लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये, शिवणकामाचे पैसे, बचतगटातला वाटा, अंगणवाडीतलं मानधन हे पासबुकात दिसतंच. लपवलं आणि समोरच्या वकिलाने दाखवलं, तर बाकीच्या खऱ्या तपशिलावरचाही विश्वास उडतो. कमावणाऱ्या बाईला पोटगी मिळत नाही, असा एक समज या लपवाछपवीमागे असतो. तो चूक आहे. ती कमावते एवढ्यावरून हक्क जात नाही. नवऱ्याच्या घरी जसं राहणं होतं तसं तिच्या कमाईत भागतं का, हे न्यायालयाला पाहायचं असतं.

शपथेवर खोटं लिहिलं तर खोट्या साक्षीची कारवाई सुरू होऊ शकते. पूर्वी ती फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३४० खाली होत असे, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३७९ खाली. न्यायालयाचा अवमानही ठरू शकतो. मात्र अशा कारवाईला वर्षं लागतात आणि तोवर मुलांचं पोट भरत नाही. त्यापेक्षा समोरच्याने माहिती दडवली म्हणून त्याच्याविरुद्ध अनुमान काढा आणि आकडा ठरवा, अशी मागणी जास्त उपयोगी पडते. नवरा सरकारी नोकरीत असेल तर माहिती अधिकाराचा रस्ताही आहे. पोटगीच्या वादात नवऱ्याच्या पगाराचा तपशील निव्वळ खासगी राहत नाही, असा निर्णय नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये दिला आहे.

इंग्लंडमध्ये घटस्फोटाच्या आर्थिक दाव्यात दोघांनाही एक लांबलचक विहित अर्ज भरावा लागतो आणि काहीही न लपवण्याचं बंधन तिथे फार कडक आहे. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गोहिल खटल्यात नवऱ्याने माहिती दडवली म्हणून अकरा वर्षांपूर्वीची तडजोड पुन्हा उघडू दिली. परदेशात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे ठाऊक असलेलं बरं. आपल्या नमुन्यातही अनिवासी भारतीयांसाठी स्वतंत्र भाग आहे आणि परदेशातलं उत्पन्न त्यात लिहावंच लागतं.

'रजनेश विरुद्ध नेहा' निकाल झाला म्हणजे तो पाळला गेला असं नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये, आदिती विरुद्ध जितेश शर्मा या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयालाच नोंदवावं लागलं की २०२० चे निर्देश खालची न्यायालयं पाळत नाहीत. निकालाची प्रत पुन्हा सगळीकडे पाठवायचा आदेश द्यावा लागला. म्हणून शपथपत्राचा आग्रह अर्जदारालाच धरावा लागतो. त्यासाठी पदरचा पैसा लागत नाही. विधी सेवा प्राधिकरणाच्या १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रिया, मुलं आणि अनुसूचित जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर विचारता येतं.

आदेश हातात पडल्यावर एक तारीख सांभाळावी लागते. थकलेली पोटगी वसूल करण्याचा अर्ज ती रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा असतो, नाहीतर त्या महिन्यांसाठी वॉरंट निघत नाही. नवरा तुरुंगात जाऊन आला तरी थकबाकी फिटत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच स्पष्ट केलं आहे. हिंसाचार कायद्याच्या कलम २०(६) खाली न्यायदंडाधिकारी नवऱ्याच्या मालकाला किंवा त्याच्या देणेकऱ्याला रक्कम थेट बायकोकडे भरायला सांगू शकतात. हंगामाच्या शेवटी ज्या बागाईतदाराकडून हिशेब यायचा आहे, त्याचं नाव आणि गाव तिने पहिल्या शपथपत्रातच लिहिलेलं असेल, तर या कलमाचा अर्ज एका पानात होतो.